सातारचा काटा, सांगलीचे चुरमुरे

नातवाचं पहिलं बोरन्हाण सांगलीत २६ जानेवारी २०२५ ला करायचं ठरलं. संक्रांत १४ तारखेला होऊन गेली होती, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. मधला हाच एक रविवार सगळ्यांना सोयीचा होता. लेकीचा फोन आला, "आई, हलव्याचे दागिने ऑनलाइन मागवतेय. तू उगाच दगदग करू नकोस." मी म्हटलं, "मागव की." फोन ठेवला आणि माळ्यावरची पितळी परात खाली काढली.

ही परात माझ्या आईची. पौषात आमच्या साताऱ्याच्या घरी पहाटे शेगडी पेटायची, आई हलव्याला बसायची आणि मी शेजारी पांघरूण घेऊन. माझं काम एवढंच, की परातीला हात लावायचा नाही. त्यामुळे हलवा कसा करतात ते मला पाहून पाठ होतं, पण हाताला काही येत नव्हतं. घरात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' होतं, १९७० साली आलेलं. वाटी-चमच्याच्या मापानं शिकवणाऱ्या त्या पुस्तकावर माझ्यासारख्या कितीतरी जणींनी संसार रेटला. पण आईला हलव्याचं माप विचारलं की ती बोटं दाखवायची.

पाव वाटी पॉलिशचे तीळ घेतले. साखर बुडेल एवढं पाणी घालून पाक उकळला, त्यात चमचाभर दूध सोडलं. वर आलेली मळी काढून टाकली आणि पाक गाळून घेतला. कोळशाची शेगडी आता कुठली? गॅस अगदी बारीक केला, त्यावर जाड तवा आणि तव्यावर परात. तिळावर चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. पाक सुकला, तीळ सुटे झाले, की पुढचा चमचा. पहिल्या दिवशी दोन तास बसून हाती काय आलं, तर पांढरे तीळ! दुसऱ्या दिवशी घाई केली, एकदम दोन चमचे ओतले, आणि सगळ्याची चिक्की झाली. एकेक दाणा सोडवताना बोटांची टोकं लालबुंद. ह्यांनी दारातूनच विचारलं, "दुकानातून पावशेर आणू का?" मी उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला उठले. अजिंक्यताऱ्याकडून गार वारं येत होतं. स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी टाकली, अंगावर शाल घेतली आणि पाक थोडा पातळ ठेवला. आठव्या-नवव्या चमच्याला बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. चष्मा लावून पाहिलं, तर दाण्यादाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे काटे! धावत जाऊन ह्यांना उठवलं. ते म्हणाले, "छान आहे," आणि कूस बदलली.

थंडी असली की काटा चांगला येतो, ही आईची नुसती समजूत नव्हती. गार हवेत वरचा पाक पटकन सुकतो आणि साखरेचे कण जागच्या जागी धरतात. माझ्या मते निम्मी करामत त्या उघड्या खिडकीची होती. पुढचे चार दिवस मग तिळाबरोबर थोडा साबुदाणा आणि लवंगाही घोळवल्या, म्हणजे दागिन्यात लहान-मोठे, लांबट दाणे हाताशी राहतात.

ओवायला धाकटी जाऊ आली. ओवायला म्हणायचं आपलं, हलव्यात सुई कुठली जायला! दुहेरी दोऱ्याचा फास करायचा, दाणा त्यात धरायचा, गाठ आवळायची, की पुढचा फास. जोरात आवळलं तर दाणा फुटतो, सैल सोडलं तर निसटतो. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा मुकुट कापला, त्याला काळं कापड आणि साडीची जुनी जर लावली. बासरीला उदबत्तीच्या पुड्याची नळी, बाजूबंदाला शर्टाच्या पाकिटातला पुठ्ठा. तीन दुपारी आम्ही दोघी ओवत बसलो आणि पंचवीस वर्षांत बोललो नव्हतो एवढं बोललो. त्यातलं इथे काही लिहिणार नाही.

शनिवारी एसटीनं निघालो. मुकुट-बासरी मिठाईच्या खोक्यात मांडीवर, आणि हारासाठी, वाटण्यासाठी ठेवलेला सुटा हलवा स्टीलच्या डब्यात. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा. सांगलीत विहीणबाईंसमोर मोठ्या थाटात डबा उघडला. तळाशी पिठीसाखर आणि वर गुळगुळीत गोळ्या! वाटभर दाण्यावर दाणा घासून सगळे काटे झडले होते. माझा चेहरा पाहून विहीणबाई म्हणाल्या, "असू द्या हो. आमच्याकडं आल्यावर सातारकरांचे काटे झडतातच!" जावई हसू दाबत आत पळाले. हार त्याच गुळगुळीत दाण्यांचा केला.

विहीणबाईंनी घरचं सगळं फार सुटसुटीत ठेवलं होतं. पंगत नाही. गुळाच्या पोळ्या दोन दिवस आधीच करून ठेवलेल्या, सकाळी फक्त मसालेभात आणि मठ्ठा. त्या पोळ्या टिकतात, उलट मुरल्यावर जास्त चांगल्या लागतात. बायकांना लुटायला जुन्या खणांच्या तुकड्यांच्या बोटभर पिशव्या शिवल्या होत्या, त्यात हळद आणि मूठभर बेदाणे. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, हे त्या प्रत्येकीला पिशवी देताना सांगत होत्या. प्लॅस्टिकच्या डब्या-वाट्यांपेक्षा हे वाण मला फार आवडलं. आमच्याकडच्या कपाटात तसल्या डब्या खंडीभर पडल्यात.

दुपारी चारला नातवाला काळं झबलं घालून पाटावर बसवलं, खाली स्वच्छ चादर. मुकुट मोठा झाला, तो सरळ नाकावर. एका हातात बासरी दिली तर ती तोंडात. पोर दहा महिन्यांचं, म्हणून बोरं, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे त्याच्या डोक्यावर न ओतता बाजूला चादरीवर टाकायचे, असं लेकीनं आधीच बजावलं होतं. डोक्यावर फक्त चुरमुरे. आत्याबाईंना ते पटलं नाही. "आमच्या वेळी सगळं डोक्यावरच ओतायचो," म्हणाल्या, पण ऐकलं त्यांनी. पाच जणींनी ओवाळून लहान मापट्यानं चुरमुरे सोडले. पहिल्या मापट्याला तो दचकला, दुसऱ्याला खुदकन हसला. तिसऱ्याला त्यानं हाराला हात घातला, ओढला, आणि माझी मेहनत चादरभर पसरली. तेवढ्यात टपून बसलेली गल्लीतली पोरं तुटून पडली. बोरं, ऊस, घाटे दोन मिनिटांत साफ. लेक बाळाची मूठ उघडून आत हलवा राहिलाय का ते बघत होती.

चुरमुरे कोण लुटणार? ते चादरीवर तसेच राहिले. विहीणबाईंनी चादरीची चार टोकं धरून ते परातीत ओतले, पाखडले, आणि संध्याकाळी मोठ्या कढईत तेल तापवून शेंगदाणे, भरपूर लसूण, कढीपत्ता आणि तिखट घालून त्याचं भडंग केलं. सांगलीत चुरमुरे वाया जात नाहीत. रात्री गच्चीवर सगळे भडंग खात बसलो होतो. तिखटानं आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं. मध्येच त्या थांबल्या, दाढेखालचं काहीतरी तळहातावर काढलं आणि गच्चीच्या दिव्याखाली धरलं.

"अगंबाई, हलवा! आणि ह्याला काटा आहे की!"

मुकुटावरचा असणार. मी तो दाणा मागून घेतला आणि खाल्ला.