आखूड बंदूक, कमी दारू

कनेटिकटहून इंटरस्टेट ९१ ने उत्तरेला निघालं, की मॅसॅच्युसेट्समधलं पहिलं मोठं गाव लागतं ते स्प्रिंगफील्ड. आपली मराठी मंडळी तिथे जातात ती बास्केटबॉल हॉल ऑफ फेम, नाहीतर डॉ. स्यूसचं म्युझियम बघायला. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. पण गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून आलेले माझे वडील बरोबर होते. नकाशावर 'आर्मरी' हा शब्द दिसला आणि ते म्हणाले, "आधी इथे जाऊ."

बाबांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं काढली. कारखाना १८६९ सालचा. इथे कोणी विचारलं तर "वडील सरकारी नोकरीत होते" एवढंच मी आजवर सांगत आलो. माझा मुलगा शाळेत दिवे मालवून, कोपऱ्यात गप्प बसून राहण्याचा सराव करतो. बंदूक घेऊन कोणी शिरलंच तर म्हणून. त्याला आजोबांचा कारखाना कोणत्या तोंडानं सांगायचा?

ही जागा वॉशिंग्टननं १७७७ साली शस्त्रागारासाठी पसंत केली. १७९४ मध्ये तिथे सरकारी बंदुकांचा कारखाना झाला, तो १९६८ मध्ये बंद पडला. आता तिथे नॅशनल पार्क सर्व्हिसचं म्युझियम आहे आणि शेजारच्या इमारतींत कम्युनिटी कॉलेज. तिकीट नाही, हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगितलं पाहिजे! आत एका भल्या मोठ्या घोडीवर शेकडो बंदुका ऑर्गनच्या नळ्यांसारख्या उभ्या आहेत. लाँगफेलो हा कवी १८४३ मध्ये लग्नानंतरच्या प्रवासात इथे आला आणि हे शस्त्रागार बघून त्यानं युद्धाविरुद्ध कविता लिहिली.

बाबा मात्र थबकले ते १८७३ च्या बंदुकांपाशी. पायदळाच्या रायफलीची नळी सुमारे साडेबत्तीस इंच, घोडेस्वाराच्या कार्बाइनची २२ इंच. दोन्हींचं तोंड ०.४५ इंच, काडतूस बाहेरून सारखंच, गोळीही ४०५ ग्रेनचीच. पण रायफलीच्या काडतुसात ७० ग्रेन दारू आणि कार्बाइनच्या ५५. म्हणजे साडेचार ग्रॅम आणि साडेतीन ग्रॅम, एवढाच फरक.

"आजोबा, कमी का?" चिरंजीवांनी विचारलं.

"अरे, आखूड बंदूक हलकी असते. पूर्ण दारू भरली तर घोड्यावर बसलेल्या माणसाच्या खांद्याचं काय होईल? शिवाय आखूड नळीत गोळीला ढकलायला दारूला वाव कमी. आणि कमी दारूचं काडतूस लांब रायफलीत घातलं, तर नेमपट्टीवरचे आकडे चुकतात. गोळी अलीकडेच पडते."

दोन्ही काडतुसं दिसायला सारखी, त्यामुळे घोटाळा व्हायचा. म्हणून १८७७ पासून फिलाडेल्फियाच्या कारखान्यात त्यांच्या बुडावर रायफलीसाठी 'आर' आणि कार्बाइनसाठी 'सी' ही अक्षरं ठोकू लागले. त्या काळची काडतुसं तांब्याची. तांबं मऊ, बार झाला की फुगायचं आणि कधीकधी नळीतच अडकून बसायचं. "पितळ फुगतं आणि परत आवळतं," बाबा म्हणाले. "आमच्याकडे पितळच."

मग मुलानं तो प्रश्न विचारलाच. "तुमच्या गोळीनं कुणी मेलं असेल?"

मला वाटलं, आता विषय बदलावा. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"असेल. ते मला कळायची सोय नव्हती. मी तपासनीस होतो. एवढंच बघायचो, की माझ्या हाताखालून गेलेलं काडतूस आपल्या शिपायाच्या तोंडावर फुटायचं नाही. एकाहत्तरच्या लढाईत तर रात्र रात्र घरी आलो नाही. तुझ्या आजीला विचार."

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला तरी बंदुका आवडत नाहीत."

"मलाही नाही आवडत," बाबा म्हणाले, आणि दोघं हातात हात घालून पुढच्या कपाटाकडे गेले.

हॉल ऑफ फेमला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. कुणाची तक्रार नव्हती. परवा ऑफिसात एकानं सहज विचारलं, वडील काय करायचे? मी सांगितलं, "खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते." सांगायला एवढी वर्षं लागली खरी.