डोंगरीची जमातखोली

यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे दोस्त वीसेक वर्षांनी पुन्हा एकत्र मुंबईच्या वाटेला लागलो. निमित्त होते आमच्यातल्या एकाच्या भाच्याचे. पोरगा इंजिनिअर झाला, ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी लागली, हजर होण्याची तारीखही आली. पण राहायची सोय नव्हती. श्रीवर्धनहून रात्रीच्या एसटीने निघालो तेव्हा त्याच्या अम्मीने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी डब्यात बांधून दिली आणि आम्हाला बजावले, "याला नीट जागेवर ठेवूनच परत या."

काम एका दिवसाचे आहे, असे आम्हाला वाटले होते. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे अशी जागा शोधत दोन दिवस फिरलो. एजंट मंडळी प्रेमाने बोलायची. नोकरीचे पत्र पाहून खूश व्हायची. मग नाव विचारायची. नाव ऐकले की एखाद्याला अचानक फोन यायचा, एखाद्याला आठवायचे की ती खोली कालच गेली. एक जण मात्र सरळ बोलला, "काका, माझं काही नाही हो. सोसायटीवाले तुमच्या लोकांना देत नाहीत." दोन दिवसांत अशा चार जागा गेल्या. पोरगा काही बोलत नव्हता. चौथ्या जिन्यावरून उतरताना एवढेच म्हणाला, "मामू, मी रूमवर फक्त झोपायला येणार होतो."

त्या संध्याकाळी आम्हालाच काही सुचेना. मग एक जण म्हणाला, "चला, आपण कुठे राहत होतो ते तरी याला दाखवू." वाशीहून हार्बरची गाडी पकडली आणि सँडहर्स्ट रोडला उतरलो.

या स्थानकात हार्बरचा फलाट वरच्या मजल्यावर आहे. जिना उतरून बाहेर आलो की डोंगरी सुरू. मगरिबची वेळ झाली होती. हातगाड्या, भिवंडीकडे जाणाऱ्या गाठोड्यांचे टेम्पो, बेकरीतून येणारा पावाचा वास, सगळे तसेच होते. मराठी शाळेत शिकलेल्यांना डोंगरी ठाऊक असते ती तुरुंगामुळे. कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले आणि आगरकरांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे, दोघेही शाळेत शिकवणारे. नवे मास्तर झालो तेव्हा आम्ही ही गोष्ट एकमेकांना हसत हसत सांगायचो, "त्यांना १०१ दिवस, आपल्याला किती?"

आमचा मुक्काम तीन वर्षांचा झाला. तुरुंग नव्हता तो. आमच्या गावच्या जमातीची खोली होती. कोकणातल्या मुसलमानांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर काम करत आली. जहाज मुंबईला लागले की पुढचे काम मिळेपर्यंत टेकायचे कुठे? म्हणून गावागावांच्या जमातींनी वर्गण्या काढून पागडीच्या खोल्या घेतल्या. गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांनी धोबी तलावाकडे आपल्या गावांचे 'कूड' केले. लालबाग-परळला गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्या होत्या. मुंबईने घर दिले नाही तेव्हा गावाने मुंबईत एक खोली दिली, असा तो हिशोब.

आम्ही तिथे आलो २००३ च्या जूनमध्ये. दोघे बीएड करून उपनगरातल्या शाळांत शिक्षणसेवक म्हणून लागलेले, एक मशीद बंदरला सुक्या मेव्याच्या पेढीवर हिशोब लिहायला, एक फोर्टमध्ये आर्किटेक्टकडे नकाशे काढायला. जे. जे. चा पूल नुकताच एक वर्षाचा झाला होता. तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्या, पेटीवर वळकटी, वळकटीच्या वर एक खिळा. पेटी, वळकटी आणि खिळा, एवढी प्रत्येकाची इस्टेट. वहीत चौदा नावे होती; पण काही जण कायम समुद्रावर असत, म्हणून रात्री आठ-नऊ माणसे झोपायची. संडास गॅलरीच्या टोकाला. पाणी पहाटे साडेचारला यायचे आणि तासाभरात जायचे.

खोलीचे कारभारी एक निवृत्त खलाशी होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. आम्ही पदवीधर असल्याचे ऐकून त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चांगलं आहे. इथं कोणी साहेब नाही, कोणी खलाशी नाही. आठवड्यातून दोनदा पाणी भरायचं, एकदा झाडू मारायचा. रात्री अकराला दिवा बंद."

पहिल्या महिन्यात आम्हाला हे जड गेले. कॉलेजात वेळ आपली होती; इथे वेळ नळाची होती, लोकलची होती, दुसऱ्याच्या झोपेची होती. शाळेतून घसा बसलेला घेऊन यावे, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा काढावा, तोच दिवा बंद. मग गॅलरीतल्या बल्बखाली उभे राहून वह्या तपासायच्या. बाजूला कोणीतरी दुबईच्या व्हिसाची वाट पाहत बिडी ओढत बसलेला.

पैशांचे तर विचारू नका. शिक्षणसेवकाचे मानधन चार हजारांच्या आसपास, तेही मान्यतेचा कागद कुठे कुठे फिरून आल्यावर. पहिले सात महिने आमच्यातल्या दोघांच्या हातात काहीच आले नाही. रोज मुलांपुढे इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहायचे आणि पासाचे पैसे दोस्ताकडून घ्यायचे! गावी मात्र "पगार सुरू आहे" असे सांगितले होते. त्या सात महिन्यांत पेढीवरच्या आणि नकाशेवाल्या दोस्तांनी दोघांची खानावळ भरली. त्याचा हिशोब कोणी कोणाला मागितला नाही. आमच्या चौघांची एक सामाईक गंगाजळी होती, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात, फळीवर ठेवलेली.

त्या डब्याचीच गोष्ट आम्हाला सांगायची आहे.

त्या वर्षी खोलीत आमच्याच वयाचा एक खलाशी होता. सात महिने जहाज मिळाले नव्हते. रोज बॅलार्ड इस्टेटला चक्कर मारायचा आणि संध्याकाळी पाय धुऊन गप्प बसायचा. कधी दहा, कधी वीस रुपये उसने मागायचा. परतही करायचा, पण उशिरा. एका रात्री आम्ही डबा उघडला तर खानावळीचे सहाशे रुपये नव्हते. आमच्यातला चौथा आदल्याच दिवशी वडिलांच्या आजारपणाचा निरोप येऊन घाईने गावी गेला होता. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग तिघांचीही नजर एकाच वळकटीकडे गेली.

आम्ही त्याला एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर बरे झाले असते; त्याला उत्तर तरी देता आले असते. आम्ही फक्त पेट्यांना कुलपे लावली. आजवर त्या खोलीत कुलूप लावायची रीत नव्हती. दिवा बंद झाल्यावर एका मागोमाग एक तीन कुलपे दाबल्याचा आवाज झाला, आणि तो सगळ्या खोलीने ऐकला. दुसऱ्या दिवसापासून तो आला की आमचे बोलणे थांबायचे. तिसऱ्या दिवशी फजरनंतर त्याने वळकटी बांधली, पेटी खांद्यावर घेतली, चाचांना सलाम केला आणि जिना उतरला. आमच्याकडे त्याने पाहिले नाही.

दहा-बारा दिवसांनी चौथा दोस्त गावाहून परतला. वडील बरे होते. हात धुताना सहज म्हणाला, "खानावळीचे पैसे मी जाताना भरून गेलो होतो. खाला म्हणाल्या ना तुम्हाला?" खालांना वाटले होते, आम्हाला ठाऊक असेल. आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. विचारायची गरज वाटली नव्हती, कारण चोर आम्हाला आधीच सापडला होता.

चाचांना सांगायला गेलो. ते तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "पैसे मिळाले. आता माणूस शोधा."

आम्ही बॅलार्ड इस्टेटला दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेस कळले की त्याला जहाज मिळाले आणि तो गेलाही. त्याचे घर आमच्याच गावच्या वरच्या मोहल्ल्यात. पत्र लिहिता आले असते, सुट्टीत जाऊन दार ठोठावता आले असते. आज-उद्या करत राहिलो. मग नोकऱ्या कायम झाल्या, लग्ने झाली, खोली सुटली. पुढे त्याचे कुटुंबच गाव सोडून गेले. खरे सांगायचे तर आम्ही नंतर शोधलेही नाही.

हे सगळे आम्ही भाच्याला सांगायला गेलो नव्हतो. आम्हाला त्याला फक्त खोली दाखवायची होती. इमारतीला आता लाकडी टेकू दिले आहेत. २०१९ च्या जुलैत डोंगरीतलीच एक इमारत कोसळून माणसे गेली, तेव्हापासून निम्मे भाडेकरू निघून गेले. आमच्या खोलीत दोन वयस्क खलाशी आणि बऱ्याच बेवारस पेट्या राहतात. चाचा कोरोनाच्या आधीच मरहूम झाले. त्यांची वही मात्र फळीवर होती. आम्ही आमची नावे शोधली. भाच्याला उर्दू वाचता येत नाही, म्हणून एकेक ओळ वाचून दाखवत होतो. आमच्या नावांच्या खाली ते नाव आले. पुढे चाचांच्या अक्षरात तारीख आणि दोनच शब्द, 'जागा सोडली'.

"यांनी का सोडली?" पोराने विचारले.

दुसरे काहीतरी सांगून वेळ निभावता आली असती. पण दोन दिवसांचे चार जिने ताजे होते. आम्ही सांगितले, कुलपांच्या आवाजासकट. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे त्यांनाही कोणी काही विचारलं नाही."

यावर आम्ही काय बोलणार? जे आमच्या पोराला नावावरून नाकारतात त्यांचा राग येतो, तो यायलाच हवा. पण आम्ही त्या माणसाला त्याच्या रिकाम्या खिशावरून ओळखले होते, आणि तो तर आमच्याच जमातीचा, आमच्याच मशिदीत सफेत शेजारी उभा राहणारा. सूरह निसामध्ये आईवडील, नातेवाईक आणि शेजारी यांच्याबरोबर 'बाजूच्या सोबत्या'शीही भले वागायला सांगितले आहे. प्रवासात, कामावर, घरात जो आपल्या कुशीला असतो तो सोबती, असा त्याचा अर्थ उलमा सांगतात. शाळेत आम्ही मुलांना शेजाऱ्याचे हक्क शिकवतो. वळकटीशेजारी झोपणाऱ्याचे हक्क कोणी शिकवत नाही, ते खोलीतच शिकावे लागतात, आणि आम्ही उशिरा शिकलो.

दुसऱ्या दिवशी घणसोलीत जागा मिळाली. तीन खोल्यांचा फ्लॅट, चार मुले आधीच राहत होती, पाचवा हवा होता. मालकीणबाई निवृत्त परिचारिका. त्यांनी नाव विचारले, गाव विचारले आणि म्हणाल्या, "करार मात्र नोंदवूनच करायचा." आम्हालाही तेच हवे होते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची असते. अकरा महिन्यांच्या करारात अनामत किती, ती कधी परत, किती दिवसांच्या नोटिशीने जागा सोडायची, हे वाचल्याशिवाय मुलांना सही करू देऊ नये. आम्ही एकेक कलम त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले. मास्तरांची सवय!

खोलीवर सामान ठेवायला गेलो तेव्हा लातूरचा एक मुलगा पीठ मळत होता. त्याने भाच्याकडे पाहिले आणि विचारले, "भांडी सकाळची घेणार की रात्रीची? सकाळची कोणालाच नको आहेत." भाचा क्षणभर गोंधळला. घरी त्याने कधी ताटही उचलले नव्हते, हा दोष आमच्या घरांचा. मग म्हणाला, "सकाळची घेतो. पहाटे उठतोच मी."

ज्या घरांतून यंदा मुले-मुली नोकरीला बाहेर पडतील, त्यांना आमची एवढीच विनंती. सामानात गादी-चादरीबरोबर दोन-चार गोष्टी घरूनच द्या. भात लावता यावा, आपले ताट आपण धुवावे. सामाईक खर्च त्याच दिवशी वहीत लिहावा, कारण आमचे सहाशे रुपये एका न लिहिलेल्या ओळीतच हरवले होते. पगार उशिरा झाला तर घरी खरे सांगता यावे, इतकी मोकळीक मुलांना असू द्या. आणि मनात शंका आली तर तोंडाने विचारायला शिकवा.

परतीच्या एसटीत आम्ही चौघे फारसे बोललो नाही. माणगाव मागे पडल्यावर एकाने विषय काढला, वरच्या मोहल्ल्यात त्या खलाशाच्या चुलत्याचे घर अजून आहे, पत्ता तिथे मिळेल. या वेळी आज-उद्या केले नाही. श्रीवर्धनला उतरलो आणि पिशव्या खांद्यावर असतानाच थेट तिकडे निघालो. चुलते ओटीवर बसले होते. आम्ही सलाम केला आणि त्याचे नाव घेतले. त्यांनी विचारले, "काय काम होतं?"

आम्ही सांगितले, "त्यांचं देणं आहे आमच्याकडे."