चांदणीची गाडी

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मी नाशिकला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कारकून आहे. बिल्ट्या फाडायच्या, भाड्याचा हिशोब ठेवायचा, संध्याकाळी रोजकीर्द जुळवायची, हे माझे रोजचे काम. मालकांच्या पुतण्याला जुन्या गाड्यांचा भारी नाद. त्याने युरोपातल्या जुन्या ट्रकांचे एक मोठे रंगीत कॅलेंडर आणून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावले. दर महिन्याला एक ट्रक.

त्या दिवशी मी डबा घरी विसरलो होतो, तो घेऊन अण्णा आले. त्यांची नजर भिंतीवर गेली आणि ते उभेच राहिले. गोल नाकाचा निळा मर्सिडीज ट्रक, जाळीवर तीन टोकांची चांदणी.

"अरे, ही तर आपली गाडी!" अण्णा म्हणाले.

आपली कसली? आमच्या घरात सायकलसुद्धा उशिरा आली. पण १९७१ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी अण्णा अशाच गाडीवर क्लीनर म्हणून लागले. लासलगावचा कांदा मुंबईला न्यायचा. कसारा घाटात चढावर गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाखाली दगड लावायचा. रात्री ताडपत्रीवर झोपायचे आणि पहाटे फडक्याने ती चांदणी पुसायची. त्या गाडीचा नंबर त्यांना आजही पाठ आहे.

वाचकहो, ही जर्मन चांदणी आपल्या रस्त्यावर कशी आली? १९५४ साली टाटांच्या कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला हे ट्रक तयार होऊ लागले. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ साली तो संपला, चांदणी गेली आणि तिच्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. पण आधीच्या गाड्या चांदणीसकट पुढे कित्येक वर्षे माल ओढत राहिल्या.

मग मलाही गोडी लागली. पुतण्याकडची पुस्तके मागून घेतली आणि त्याच्याकडून समजून घेऊन वाचली. जगातला पहिला मोटर ट्रक १८९६ साली गॉटलिब डाइम्लर यांनी बनवला. घोडे सोडलेली घोडागाडी म्हणावी असे त्याचे रूप. ताकद चार घोड्यांची, वजन पेलायचा दीड टन. त्याचे पहिले गिऱ्हाईक जर्मनीत नव्हे, लंडनला मिळाले. आपल्या अशोक लेलँडमधले 'लेलँड' म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यातले एक गाव. तिथल्या कारखान्याने आपल्या ट्रकांना पाणघोडा, बीव्हर, ऑक्टोपस अशी प्राण्यांची नावे दिली होती. सँडबॅच गावी फोडन नावाचा कारखाना होता. आधी वाफेच्या गाड्या, नंतर डिझेलचे ट्रक. २००६ साली फोडनचा शेवटचा ट्रक बाहेर पडला. पण १९०० साली सुरू झालेला, कारखान्याच्या नावाचा बँड अजून वाजतो आहे. कारखाना गेला, वाजंत्री राहिली!

या जुन्या ट्रकांचे वेडे लोक तिकडे पुष्कळ आहेत. श्रीमंतांच्या मोटारी तर कोणीही जपेल. पण ट्रक म्हणजे गाड्यांमधला हमाल. जन्मभर ओझे वाहायचे आणि शेवटी भंगारात जायचे. हे लोक त्या हमालाला भंगारातून उचलून आणतात. शेडमध्ये वर्षानुवर्षे खपतात, मूळचा बोल्ट मिळावा म्हणून गावोगाव फिरतात. चॅसिसवरच्या नंबरावरून गाडी कोणत्या साली बनली, पहिला मालक कोण, सगळे शोधून काढतात. १९६२ पासून लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मालट्रकांची आणि बसगाड्यांची फेरी निघू लागली. लेलँड गावात तर अशा गाड्यांचे संग्रहालयच आहे. खरे सांगतो, मला या लोकांचे कौतुक वाटले. राबणाऱ्या वस्तूचा मान राखणे ही काही लहान गोष्ट नाही.

पण वाचता वाचता एका पानावर मी अडखळलो.

कॅलेंडरच्या जुलै महिन्यात ब्युसिंग कंपनीचा ट्रक होता. जाळीवर सिंह. हाइनरिश ब्युसिंग हा खेड्यातल्या लोहाराचा मुलगा. १९०३ साली, साठीला टेकल्यावर त्याने ब्राउनश्वाइग शहरात ट्रकचा कारखाना काढला. पुढे १९७१ साली ती कंपनी मान कंपनीत विलीन झाली, पण लोहाराच्या पोराचा सिंह आजही मानच्या ट्रकांवर आहे. वाचून ऊर भरून आला. आणि त्याच कारखान्यात १९४४ साली, हिटलरच्या राजवटीत, आउशवित्झच्या छळछावणीतून निवडून आणलेल्या ज्यू कैद्यांना ट्रक बनवायला जुंपले होते. उपासमारीने आणि आजाराने त्यांतले कित्येक मेले.

आणि आमची चांदणी? तिचाही इतिहास निराळा नाही. १९४४ साली डाइम्लर-बेंझच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक सक्तीने आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छावण्यांतले कैदी होते. कंपनीने पुढे हे स्वतः मान्य केले आणि १९८८ साली दोन कोटी मार्क दिले. ब्राउनश्वाइगला छावणीच्या जागी २००० साली स्मारक उभे राहिले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. निर्माता म्हणजे कोण? ज्याचे नाव जाळीवर आहे तो एकटाच? लोखंड ओतणारा, बोल्ट आवळणारा, मानेवर बंदूक ठेवून ज्याच्याकडून काम करून घेतले तो, यांना काय म्हणायचे?

आता घरची गोष्ट सांगतो. अण्णांनी अकरा वर्षे क्लीनरकी केली, पुढची बावीस वर्षे हमाली. काही वर्षांपूर्वी उतारवयात चार पैसे मिळावेत म्हणून मी त्यांचा अर्ज भरला. तिथल्या साहेबांनी विचारले, "कामाचा पुरावा?" जुन्या मालकाकडे गेलो. वह्या निघाल्या. गाडीचा नंबर होता, ड्रायव्हरचे नाव होते, डिझेल होते, घाटात फुटलेल्या टायरचा खर्चसुद्धा होता. अण्णांच्या जागी प्रत्येक खेपेला फक्त 'क्लीनर १' लिहिले होते. बी.कॉम. झालेला मी, मुलाच्या हाती वह्या असून बापाचे नाव त्यांत सापडले नाही. अर्ज तसाच परत आला.

त्या दिवसापासून मी एक नियम केला आहे. माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक बिल्टीवर ड्रायव्हरच्या नावाखाली क्लीनरचे पूर्ण नाव लिहितो. मालक एकदा म्हणाले, "भाऊसाहेब, याची काय गरज?" मी म्हणालो, "शेठ, टायरचा नंबर लिहितो ना आपण?" ते गप्प राहिले.

बंधू-भगिनींनो, आपल्या घराघरांत असे अण्णा आहेत. कोणी गिरणीत राबले, कोणी गोदीत, कोणी रेल्वेच्या लायनीवर. कोणत्या साली, कोणत्या खात्यात, कोणत्या यंत्रावर, किती मजुरीवर, हे त्यांना विचारा आणि दोनशे पानी वहीत लिहून ठेवा. तिकडे ट्रकांचे वेडे गंजलेल्या बोल्टाचा इतिहास शोधतात. आपण निदान आपल्या माणसांचा तरी लिहू.

डिसेंबर संपल्यावर पुतण्याने कॅलेंडर उतरवले. जानेवारीचे पान मी मागून घेतले. ते आता घरी भिंतीवर आहे. खाली मी शाईने अण्णांचे पूर्ण नाव, गाडीचा नंबर आणि '१९७१ ते १९८२' एवढे लिहिले आहे. अण्णांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. मग म्हणाले, "नंबर बरोबर आहे रे."