तेलाचा माग

"गाडी तेल टाकी ऱ्हायनी," एवढंच सांगणारं गिऱ्हाईक मला आवडतं. "पुढच्या डिफ्रेंशियलचं सील गेलंय, बदलून द्या," म्हणणारा निदान घरूनच करून आलेला असतो. सील गेलेलं असतंही. पण ते का गेलं, याचं उत्तर सहसा सीलमध्ये नसतं.

आमच्या मोसम खोऱ्यात फोर व्हील गाडी मिरवायला कमी आणि रानात जायला जास्त. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून डाळिंबाच्या बागेपर्यंत औषधाचे ड्रम न्यायचे, हरणबारी धरण भरून मोसम नदीला पाणी आलं की फरशीवरून पलीकडे जायचं. अशा कामाला नामपूरकडे जुनी जीपच बाहेर निघते. १९४७ साली महिंद्रने विलीजच्या जीप आपल्याकडे जोडायला घेतल्या आणि तीच घडण पुढे एमएम ५४० पर्यंत चालत आली: पुढे अखंड ॲक्सल, त्यात हौसिंगचा गोळा, आत क्राऊन-पिनियन, दोन्ही बाजूंना नळ्या. २०२० ची थार आपल्याच नाशिकला बनते, पण तिचा पुढचा डिफ्रेंशियल चॅसीला बांधलेला. तिथे चाकांकडे जाणारे शाफ्ट जिथे आत शिरतात, ती सीलं आधी बघायची.

जुन्या जीपमध्ये घोटाळा असा की हौसिंगच्या वर इंजिन आणि जवळच स्टिअरिंग बॉक्स. दोघांचं तेल ओघळून हौसिंगवर उतरतं आणि बदनाम होतो डिफ्रेंशियल. म्हणून तेल बोटावर घ्यायचं आणि हुंगायचं. गंधकाचा उग्र वास आला तर ते गिअरचं. दातांवरचा दाब सोसावा म्हणून त्यात गंधकाचं मिश्रण घातलेलं असतं. काळं, पातळ, जळकट वासाचं असेल तर वर इंजिनकडे बघा. स्टिअरिंग बॉक्स मात्र फसवतो, कारण त्यातही बहुधा ९० नंबरच असतं. तिथे नाक चालत नाही, डोळे लागतात. तेलावर मुरमाची धूळ बसून खपली धरते. खपली जिथे ओली आणि धुपलेली, तिथून ताजं तेल चाललंय. मग वर वर सरकायचं. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं, तेव्हा उगम थेंबाच्या वर आणि पुढेच शोधायचा.

पिनियनच्या तोंडाशी ओलं दिसलं तरी मी पाना उचलत नाही. आधी ब्रीदर. ॲक्सलच्या नळीवर करंगळीच्या पेराएवढी ही वस्तू. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. चिखलाने ती बुजली, की गाडी तापल्यावर आतली हवा फुगते आणि तेलाला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. नवं सील टाकलं तरी चार दिवसांनी गाडी पुन्हा दारात. उलटंही होतं. तापलेलं हौसिंग नदीच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधूनच पाणी ओढून घेते. तेल काढायचा नट सोडल्यावर तेल दुधाळ निघालं तर नुसती गळती थांबवून भागणार नाही. बेअरिंगं तपासावीच लागतात.

ब्रीदर मोकळा आहे आणि तेलही जास्त भरलेलं नाही, असं दिसलं तरच पिनियन उघडायचा. गाडी घोडीवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. शाफ्ट, फ्लेंज आणि नट, तिघांवर पंचने खूण. जुन्या ॲक्सलात बेअरिंगचा ताण शिमवर असतो, पण काही गाड्यांत चेपणारी स्लीव्ह असते. तिथे नट अंदाजाने आवळला की बेअरिंग गेलंच म्हणून समजा. फ्लेंज हातात आली की तिच्यावर नख फिरवायचं. सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख अडकलं, तर खाच पडलीय. त्या खाचेवर महागातलं सीलही टिकत नाही. पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी, किंवा नवं सील केसभर बाहेर बसवून ओठाला कोरी जागा द्यावी. सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे, ओठाला ग्रीस, आणि बसवताना सीलच्या मापाचा पाइप ठेवून कडेकडेने हलके ठोके. एका बाजूने तिरकं गेलं, तर ते काढून फेकावं. सरळ करून वापरण्याची काटकसर मला मान्य नाही.

चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसलं तर कथा वेगळी. नळीतलं आतलं सील सोडून देतं, तेल चाकाजवळच्या गोल सांध्यात उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि नमद्यातून बाहेर येतं. लोक ब्रेकचं तेल समजून बसतात. ज्यांना फ्री-व्हील हब आहेत, त्यांचा पुढचा डिफ्रेंशियल एरवी फिरतच नाही, आणि उभ्या उभ्या सीलचं रबर कडक होतं. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर हब लावून गाडी फिरवावी. डांबरावर फोर व्हील टाकू नये, तिथे चाकांना घसरायला वाव नसतो आणि ताण सगळा गिअरांवर येतो.

तेल बदलताना भरायचा नट आधी सोडवून बघा, रिकामा करायचा नंतर. वरचा जाम निघाला आणि खालून तेल गेलेलं असलं, तर गाडी जागेवरच बसली. तेल भरताना गाडी सपाट जागी, पातळी भोकाच्या खालच्या काठापर्यंत.

आणि एक विनंती. मिस्तरीकडे न्यायची म्हणून गाडी धुऊन आणू नका. माग वाचून झाला की मीच डिझेलने धुतो, एक फेरी मारून आणतो आणि पुन्हा बघतो. गळकी गाडी आणाल तेव्हा आहे तशी, मळकीच आणा.