मडगार्डच्या आतला रंग

अब्बा हरसूलला गाड्या रंगवत. बोनेटवर नाव, मागे फुलं, हे गिऱ्हाईक मागायचंच. पण अब्बा चाकं काढून मडगार्डच्या आतही रंग देत. आधी तारेच्या ब्रशने खरवडायचं, मग रेड ऑक्साइड, वर पांढरा.

"तिथं कोण बघतंय?" मी लहानपणी विचारलं होतं.

"गंज बघतो," अब्बा म्हणाले.

त्र्यंबकेश्वरच्या घाटरस्त्याने पावसाळ्यात आलेल्या जीपची चाकं चिखल उडवतात. तो आत साचतो, ओल धरतो आणि पत्रा आतून कुजत जातो. पांढऱ्यावर गंजाचा डाग लगेच दिसतो. अमेरिकेत जुन्या मोटारी सजवणारे शौकीनही ही पोकळी मुद्दाम वेगळ्या रंगात रंगवतात, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची ती हौस. आमच्याकडे गाडी टिकवायची असे.

२०१५ च्या जुलैत हरसूलमध्ये मुसलमानांची दुकानं जळाली. अब्बांची शेडही गेली. रंगाचे डबे फुगून फुटले होते. नातेवाईक म्हणाले, नाशिकला चला. अब्बा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते.

काही दिवसांनी एक कोकणा जीपवाला दाराशी आला. जुनं गिऱ्हाईक. मान खाली घालून म्हणाला, "चाचा, गाडी रंगवायची आहे."

"वरून?"

"आतूनपण. तुम्ही द्यायचा तसा."

अब्बा बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "बेटा, कुणाकडून तरी जॅक आण."