पेंग्विनांचे राखणदार

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात वॉरनम्बूल हे समुद्रकाठचे शहर आहे. त्याच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मिडल नावाचे लहानसे खडकाळ बेट दिसते. ओहोटीच्या वेळी मधले पाणी इतके उतरते, की कोल्हाही पलीकडे जातो. हा तांबडा कोल्हा, आपल्या खोकडाचा भाऊबंद, मूळचा तेथला नव्हे. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीसाठी तो युरोपातून नेला. हौस त्यांची, भुर्दंड मात्र कोंबड्यांना!

बेटावर जगातील सर्वांत लहान जातीचे पेंग्विन घरटी करतात. एकेकाळी ते सुमारे 800 होते. 2005 साली दहासुद्धा दिसेनात. कोल्हा भुकेपुरते मारून थांबत नाही, हे कोंबड्या पाळणाऱ्यांना कोणी सांगायला नको. उपाय सुचला तोही तेथील एका कोंबडीपालकालाच. आपल्या मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या तो इटालीतील मारेम्मा जातीच्या पांढऱ्या, केसाळ कुत्र्यांकरवी राखीत असे. हे कुत्रे शिकारी नव्हेत. पिलू असतानाच कोंबड्यांत वाढविले, की कोंबड्यांनाच ते आपले गोत मानतात. त्यांच्याजवळ राहतात, भुंकतात आणि आपला वास जागोजाग ठेवतात. धूर्त कोल्ह्याला तेवढी सूचना बहुधा पुरते.

2006 साली असे कुत्रे बेटावर नेले, आणि पेंग्विन पुन्हा वाढू लागले. 2015 साली या हकिकतीवर 'ऑडबॉल' हा चित्रपटही निघाला. परंतु 2017 साली समुद्र खवळल्यामुळे कुत्र्यांना काही काळ बेटावर नेता आले नाही. तेवढ्यात कोल्हे येऊन गेले. सुमारे 140 पेंग्विन मरून पडले.