सातवी सीट कोणाची?

"सात सीटर घेऊ या, हे कबूल. पण सात जण कोण?"

बायकोने हा प्रश्न विचारला तेव्हा मी लॅपटॉपवर एक्सेल उघडून बसलो होतो. गोष्ट २०२४ च्या गणपतीनंतरची. रविवारची सकाळ, पोह्यांची रिकामी डिश बाजूला, दुसरा चहा हातात आणि समोर माझी आयुष्यातली सगळ्यात सुंदर एक्सेल शीट. चार गाड्या, बत्तीस रकाने. टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, बूट स्पेस, सनरूफ, टचस्क्रीन किती इंचांचा... ऑफिसच्या अप्रेझलसाठीसुद्धा मी इतकी मेहनत केलेली नाही, शप्पथ!

तोपर्यंत आमच्याकडे एक छोटी हॅचबॅक होती. लग्नानंतर घेतलेली. तेव्हा आम्ही दोघंच होतो आणि मागची सीट लॅपटॉपच्या बॅगा ठेवायला वापरायचो. मग लेक झाली. मग आई-बाबा गाव सोडून कायमचे वाकडला आमच्याकडे राहायला आले. पाच माणसं, एक कॅरमबोर्ड आणि आईची डब्यांची पिशवी असा आमचा संसार त्या गाडीत बसायचा, म्हणजे बसवला जायचा.

तर यादीत कोण होतं? टाटा सफारी, महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आणि स्कॉर्पिओ-एन, आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस. म्हणजे एक पिंपरीची, दोन चाकणच्या आणि एक बाहेरून आलेली. हिंजवडीच्या ऑफिसात याच्यावर लंच टाइमला दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक पार्टी रोड प्रेझेन्सवाली. "स्कॉर्पिओ घे, समोरचा आपोआप बाजूला होतो!" दुसरी पार्टी फीचर्सवाली. इनोव्हाचं नाव काढलं की मात्र दोन्ही पार्ट्या एक व्हायच्या. "इनोव्हा? टूर्स-ट्रॅव्हल्स काढतोयस का?" खरं सांगतो, हे मला लागायचं. कारण मलाही आतून एसयूव्हीच हवी होती. उंच, रुबाबदार. सिग्नलला शेजारच्याने मान वळवून बघावी अशी.

आणि अशा ऐन मोक्याला बायकोने विचारलं, सात जण कोण?

मी बोटं मोजली. "आपण तिघं, आई-बाबा, दादा-वहिनी. झाले सात."

"दादा-वहिनी कोल्हापूरला असतात. त्यांची स्वतःची गाडी आहे."

"हो, पण कधी एकत्र जायचं झालं तर..."

ती काही बोलली नाही. डिश उचलून आत गेली. आमच्या घरात नळ जरा जोरात सोडला गेला की काय समजायचं ते मला समजतं. तरी दहा मिनिटं लागलीच. तिचे आई-वडील नाशिकला दोघंच राहतात आणि ही त्यांची एकुलती एक. माझ्या सात जणांत ते नव्हतेच!

आता माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी डेटावाला माणूस. मी फोनमधले फोटो काढले आणि मागच्या वर्षभरात आम्ही पाचपेक्षा जास्त माणसं एका गाडीतून कितीदा गेलो ते मोजलं. उत्तर आलं, चार वेळा. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "चार ट्रिपसाठी इतका मोठा ईएमआय? त्यापेक्षा चार वेळा ड्रायव्हरसकट भाड्याने घेऊ. वरती पैसे उरतील."

"तू गेलेल्या ट्रिपा मोजल्यास," ती म्हणाली, "न गेलेल्या कोण मोजणार?"

मग तिने मोजल्या. मे महिन्यात महाबळेश्वरला गेलो तेव्हा तिचे आई-वडील पुण्यातच होते, आमच्याच घरी. गाडीत जागा नव्हती म्हणून ते आदल्या दिवशी शिवनेरीने नाशिकला परत गेले. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाताना म्हणाले होते, "पुढच्या वेळी येऊ की." लेकीच्या वाढदिवसाला लोणावळ्याला गेलो, तेव्हाही तेच. दिवाळीनंतर भीमाशंकरला गेलो, तेव्हाही. दरवेळी जागा नाही म्हणून विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून फोटोत ते नाहीत. माझा डेटा चुकीचा नव्हता, पण ज्यांना घरी ठेवून गेलो ते त्यात येणार कुठून?

त्या रात्री तिने माझ्या शीटमध्ये तेहतिसावा रकाना घातला. 'शेवटच्या सीटवर कोण बसणार?'

तुमच्यापैकी जे नव्वदच्या दशकात वाढले त्यांना सुमो आठवत असेल. १९९४ साली आलेली. सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली अक्षरं घेऊन तिचं नाव ठेवलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. आमच्यासाठी सुमो म्हणजे मागच्या त्या समोरासमोरच्या आडव्या सीटा. मी दहा वर्षांचा असताना भाड्याची सुमो करून आम्ही सगळे गणपतीपुळ्याला गेलो होतो. बाबा पुढे, ड्रायव्हरशेजारी, रस्ता सांगायला. काका-काकू आणि आजी मधे. आणि मागे आम्ही चार पोरं, चादरींच्या वळकट्या, लाडवांचा डबा आणि आई. आंबा घाटात मला दोनदा उलटी झाली. आईने एका हाताने माझं डोकं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने डबा.

मी दुसऱ्या दिवशी आईला सहज विचारलं, "नवीन गाडीत तू कुठे बसशील?"

"मला काय, कुठेही चालतं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. खरं म्हणजे त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ज्याला 'कुठेही चालतं', तोच प्रत्येक वेळी मागे जातो.

मग आम्ही ठरवलं, शोरूमला सगळ्यांना न्यायचं. सासू-सासऱ्यांना नाशिकहून बोलावलं. सात जण शोरूममध्ये शिरलो तेव्हा सेल्समन पोऱ्या जरा घाबरलाच. तो मला ड्रायव्हिंग सीटकडे नेत होता. मी म्हटलं, "बॉस, ही चालवेल. मी मागे बसतो. शेवटच्या ओळीत."

बायको गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त मान्य कोणी करत नव्हतं.

तर मित्रांनो, तिसऱ्या ओळीत बसून काय कळतं, ते ऐका. एक म्हणजे, तिथवर पोहोचणं हीच अर्धी परीक्षा. काही गाड्यांत मधली सीट एका झटक्यात पुढे दुमडते, तर कॅप्टन सीट असतील तिथे दोन खुर्च्यांच्या मधून तिरकं होऊन जावं लागतं. दुसरं म्हणजे, गुडघे. लॅडर फ्रेमच्या गाडीत, म्हणजे स्कॉर्पिओ-एनसारख्या, खाली ट्रकसारखी पोलादी शिडी असते आणि तिच्यावर बॉडी. दणकटपणात तिला तोड नाही, पण त्यामुळे फ्लोअर उंच होतो. फ्लोअर उंच आणि सीट खाली, म्हणजे गुडघे छातीशी. बाकीच्या तिन्ही मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच. त्यातही प्रत्येकीचा मागचा फ्लोअर वेगळा. तिसरं म्हणजे, मागे एसीची जाळी आहे का, आणि वारा कमी-जास्त करायचं बटण आहे का. चौथं म्हणजे, तिसरी ओळ उघडी ठेवून सामान कुठे? कागदावरची बूट स्पेस बऱ्याचदा ती ओळ पाडून मोजलेली असते. सात माणसं नेली तर मागे दोन सॅक तरी राहतात का, हे स्वतः ठेवून बघायचं. आम्ही आईची डब्यांची पिशवीच बरोबर नेली होती!

सासूबाईंचे गुडघे हा आमचा खरा ग्राउंड क्लिअरन्स. ज्या गाडीत त्या कोणाचा हात न धरता चढल्या, तिला बायकोने शीटवर हिरवा रंग दिला.

सेफ्टीचं मी बघितलं. एक्सयूव्ही ७०० ला २०२१ मध्ये, स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये आणि सफारीला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपचे मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच स्टार मिळाले होते. हायक्रॉसचा निकाल तेव्हा आला नव्हता, ते जरा टोचत होतं. शिवाय तिच्या स्वस्तातल्या व्हेरियंटमध्ये सहा एअरबॅग नव्हत्या. पण बाकी सगळी उत्तरं तिच्याकडेच बोट दाखवत होती. फ्लोअर खाली, मधली ओळ पुढे-मागे सरकणारी, मागे माझ्यासारखा पावणेसहा फुटी माणूस सरळ बसू शकणारा, आणि सामानाला जागा. सोसायटीतलं पार्किंगही टेपने मोजलं. अडीच मीटर रुंद, एका बाजूला खांब. यादीतल्या सगळ्या गाड्या १.८५ ते १.९२ मीटरच्या. त्यातली सगळ्यात अरुंद तीच. सात सेंटिमीटरचा फरक म्हणजे किती, हे दार उघडून पोट आत घेताना कळतं.

शेवटी सहा एअरबॅगवालं हायब्रिड बुक केलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये. वेटिंग जवळजवळ वर्षाचं. ऑफिसात जे व्हायचं ते झालं. "काय शेठ, शिर्डीचं भाडं किती?" मी हसून घेतलं. आधी लागायचं, आता तितकं नाही लागलं. का कुणास ठाऊक.

पण थांबायचं वर्ष फुकट गेलं नाही. डाउन पेमेंट वाढलं, ईएमआय खाली आला. आणि बायको म्हणाली, गाडी यायची तेव्हा येईल, माणसं कशाला थांबवायची? त्या वर्षात आम्ही तीनदा सात सीटर भाड्याने घेतली आणि सगळे मिळून गेलो. म्हणजे माझी ती भाड्याची आयडिया तशी बरोबरच होती. फक्त मी ती पैसे वाचवायला सुचवली होती, माणसं न्यायला नाही. जागेचा प्रश्न पैशाने सुटत होता. विचारायचं राहून गेलं होतं, ते गाडीमुळे नव्हे. हे अण्णांना सांगायची हिंमत अजून झालेली नाही.

२०२५ मध्ये हायक्रॉसला भारत एनकॅपचे पाच स्टार मिळाले आणि माझा जीव भांड्यात पडला. २२ सप्टेंबरला जीएसटी बदलला. हायब्रिडवरचा एकूण कर ४३ वरून ४० टक्क्यांवर आला, तेवढीच पेढ्यांची सोय. दसऱ्याला गाडी दारात आली.

पहिली ट्रिप नाशिकची. अण्णांना आणि सासूबाईंना न्यायचं, दोन दिवस सगळ्यांनी पुण्यात काढायचे. येताना पूर्ण सात. बायको स्टिअरिंगवर. सासूबाई आणि अण्णा मधे. पुढची सीट रिकामी बघून बाबा सवयीने दाराकडे गेले.

"आजोबा, आज टाइमटेबलप्रमाणे आजी पुढे," लेकीने जाहीर केलं. टाइमटेबल तिनेच केलंय, स्केचपेनने.

बाबा निमूट मागे आले. तिसऱ्या ओळीत ते, मी आणि लेक. संगमनेर गेलं, चंदनापुरीचा घाट लागला. पुढे आई आणि बायकोच्या गप्पा रंगल्या होत्या, मधे सासूबाईही सामील. हसण्याचे आवाज तेवढे येत होते. बाबा थोडा वेळ कान देऊन बसले. मग पुढे वाकून ओरडले, "अगं, इथे मागे काही ऐकू येत नाही तुमचं!"

आईने मान वळवली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला कुठे ऐकू यायचं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तेवढ्यात आईनेच पुढून लाडवांचा डबा मागे पाठवला. अण्णांच्या हातून सासूबाईंच्या हातात आणि तिथून आमच्याकडे. शेवटच्या सीटपर्यंत पोहोचला तेव्हा त्यात तीनच लाडू उरले होते.